इंग्रजी सुटले, पण आले का?

१७ जून २०२२ हा दिवस आमच्या घरात अजूनही एखाद्या सणासारखा आठवला जातो. त्या दिवशी दहावीचा निकाल लागला आणि आमच्या घराण्यात 'दहावी पास' हे शब्द पहिल्यांदा उच्चारले गेले. राज्याचा निकाल ९६.९४ टक्के होता. म्हणजे शंभरातली जवळजवळ सत्त्याण्णव मुले माझ्याबरोबरच पास झाली होती. पण आईला त्याचे काय! तिने फाट्यावरून पाव किलो पेढे आणले आणि चाळीतल्या प्रत्येक खोलीत अर्धा अर्धा वाटला. इंग्रजीत मला ७१ गुण होते. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, बाकीच्या विषयांशी कर्तव्य नव्हते. "इंग्रजी सुटलं ना? मग झालं," एवढेच ते म्हणाले.

त्यानंतर आठ-दहा दिवसांचीच गोष्ट. अण्णा टेम्पो चालवतात. शीळफाट्याच्या आसपासच्या गोदामांतून माल उचलायचा आणि भिवंडी, तुर्भे, पनवेल, जिथे सांगतील तिथे पोचवायचा. त्या दिवशी फरश्यांची खोकी होती. उतरवताना त्यातल्या काही फरश्या फुटलेल्या निघाल्या आणि भाड्यातून सहा हजार चारशे रुपये कापले गेले. अण्णांनी विचारले, तर गोदामातल्या माणसाने चलानाची गुलाबी प्रत पुढे केली. खाली अण्णांची सही होती. सहीच्या वर बारीक अक्षरांत चार ओळी इंग्रजी छापलेली होती. "वाचून सही करायची होती," तो म्हणाला.

रात्री अण्णांनी तो कागद माझ्यापुढे ठेवला. मी तो मोठ्याने, न अडखळता, शाळेत शिकवले होते तसे पूर्णविरामाला थांबून वाचला. आई कौतुकाने बघत होती. वाचून झाल्यावर अण्णा म्हणाले, "छान वाचलंस गं पोरी. पण म्हणलंय काय त्यात?"

मला सांगता आले नाही.

मित्रहो, माझ्या या लेखाचा विषय एवढाच आहे. एकाहत्तर गुण मिळवलेल्या मुलीला चार ओळींचा अर्थ का सांगता आला नाही? 'अभ्यास केला नसेल' असे कोणी म्हणेल, तर ते मला मान्य नाही. अभ्यास मी केला होता. मान मोडून केला होता. प्रश्न आहे तो कशाचा अभ्यास केला, हा.

आमच्या तुकडीची तयारी कशी झाली ते आधी सांगते. नववीचे वर्ष करोनाने खाल्ले. घरात मोबाईल एकच, तोही दिवसभर अण्णांबरोबर टेम्पोत. रात्री दहाला अण्णा आले की मी आणि धाकटा भाऊ त्यावर तुटून पडायचो. सकाळच्या तासाचे रेकॉर्डिंग मध्यरात्री ऐकायचे. दहावीत ऑक्टोबर २०२१ मध्ये वर्ग पुन्हा भरू लागले. मंडळाने त्या वर्षी अभ्यासक्रम पंच्याहत्तर टक्के ठेवला, पेपरला अर्धा तास जादा दिला आणि आपापल्या शाळेतच परीक्षा घेतली. या सवलती नसत्या तर माझ्यासारख्या कित्येक मुली दहावीतच गळाल्या असत्या. ते उपकार मी विसरलेले नाही.

वेळ थोडा, पेपर मोठा. तेव्हा शाळेत काय आणि संध्याकाळच्या क्लासमध्ये काय, सारा भर एकाच गोष्टीवर होता: पेपर कसा सोडवायचा. मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी ही तिसरी भाषा. लेखी ऐंशी गुण आणि तोंडी वगैरे मिळून वीस गुण शाळेच्या हाती. ऐंशी गुणांची विभागणी आम्हांला पाढ्यासारखी पाठ होती. भाषाभ्यास दहा, पुस्तकातले उतारे वीस, कविता दहा, अपठित उतारा आणि त्याचा सारांश मिळून पंधरा, लेखनकौशल्य वीस आणि भाषांतर पाच. पास व्हायला शंभरात पस्तीस लागतात. शाळेचे वीसपैकी सतरा-अठरा धरले तर लेखीत किती हवेत, हा हिशेब आमच्या वर्गातल्या गणितात नापास होणाऱ्या मुलालाही तोंडपाठ होता!

आता एकेका प्रश्नाची युक्ती ऐका. उताऱ्यावरचा प्रश्न आला की उतारा वाचायचा नाही. प्रश्नातला मोठा शब्द धरायचा, तोच शब्द उताऱ्यात शोधायचा आणि ती ओळ उत्तर म्हणून उतरवून काढायची. ही युक्ती किती बिनचूक आहे ते पाहायचे असेल तर हे मराठी वाक्य घ्या: 'खलप्या मुलाने तिसऱ्या दिवशी झिंबळ गलमटले.' प्रश्न पहिला: खलप्या मुलाने काय गलमटले? उत्तर: झिंबळ. प्रश्न दुसरा: केव्हा गलमटले? उत्तर: तिसऱ्या दिवशी. झाले! पैकीच्या पैकी गुण! झिंबळ म्हणजे काय आणि ते गलमटतात कसे, हे तुम्हांलाही ठाऊक नाही आणि मलाही नाही. आम्ही वर्षभर इंग्रजीत झिंबळ गलमटत होतो.

कवितेच्या रसग्रहणाचा साचा ठरलेला असतो. कवितेचे नाव, कवी, यमकांची रचना, अलंकार, मध्यवर्ती कल्पना. गाइडमध्ये प्रत्येक कवितेचे हे पाचही मुद्दे छापलेले मिळतात. आम्ही ते पाठ केले. 'ही कविता मला फार आवडली' हे वाक्यसुद्धा पाठ केले, आणि तेच वाक्य वर्गातल्या सगळ्यांनी सगळ्या कवितांसाठी वापरले. कविता वाचण्यापूर्वीच ती आवडल्याचे लिहून ठेवणारे रसिक जगात दुसरीकडे कुठे सापडतील का?

पत्राचे तसेच. औपचारिक एक आणि घरगुती एक, अशी दोन पत्रे पाठ. नावगाव बदलले की झाले. गोष्ट लिहायला एकच गोष्ट तयार ठेवायची आणि दिलेल्या मुद्द्यांकडे तिला कानाला धरून वळवायचे. माहिती देणारा तक्ता आला की चौकोनातले शब्द घेऊन मध्ये 'इज' आणि 'आर' पेरायचे.

उरले भाषांतराचे पाच गुण. काही शब्द, एकदोन वाक्ये आणि एखादी म्हण मराठीत सांगायची. साऱ्या पेपरात हा एकच प्रश्न असा होता की जिथे अर्थ कळल्याशिवाय पेन पुढे सरकत नाही. आणि नेमके त्याच्याबद्दल क्लासमध्ये सांगितले होते, "ते शेवटी बघा. वेळ उरला तर करा, नाही तर सोडा. पाचच गुण आहेत."

मी कोणाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. आमच्या इंग्रजीच्या बाई टाळेबंदीत स्वतःच्या मोबाईलचे पैसे घालून आम्हांला शिकवत होत्या. साठ मुले, सहा महिने आणि डोक्यावर निकालाची टक्केवारी असताना त्यांनी आम्हांला पास करण्याचा मार्ग दाखवला, तो दाखवला नसता तर मी आज हा अंक हाती घेतला नसता. पण पास होण्याचा मार्ग आणि भाषा येण्याचा मार्ग हे दोन वेगळे रस्ते झाले आहेत, हे कोणीतरी बोलून दाखवले पाहिजे की नाही?

इंग्रजीचे आपल्या समाजाला आकर्षण आहे आणि ते आजचे नाही. सावित्रीबाई फुले यांच्या 'काव्यफुले' या १८५४ सालच्या संग्रहात इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरणाऱ्या कविता आहेत. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या अक्षर नाकारले गेले, त्यांनी ही भाषा हातात घ्यावी म्हणजे बेडी तुटेल, ही त्यांची तळमळ होती. 'वाघिणीचे दूध' हा शब्दप्रयोग तर प्रत्येक वक्तृत्वस्पर्धेत एकदा तरी ऐकू येतोच. पुढे २००० साली महाराष्ट्रात मराठी शाळांतूनही पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. त्याआधी ते पाचवीपासून होते. म्हणजे माझ्या पिढीने सलग दहा वर्षे इंग्रजी शिकले. दहा वर्षे दूध प्यायल्यावर गुरगुरणे राहू द्या, चलानावरच्या चार ओळी तरी कळायला हव्या होत्या!

वर्षे वाढवून काम भागले नाही; मग गुणांची ओढाताण सुरू झाली. २०१० पासून दहावीला 'बेस्ट ऑफ फाइव्ह' आहे. पास सगळ्या विषयांत व्हावे लागते, पण टक्केवारीत सहापैकी उत्तम पाच विषय धरतात. याचा अर्थ आमच्याकडे असा लावला गेला की इंग्रजी पस्तिसापुरते करा आणि मग विसरा. २०१९ मध्ये भाषांचे शाळेकडचे वीस गुण काढून लेखी परीक्षा शंभराची केली. त्याच वर्षी नवा अभ्यासक्रमही आला होता. निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. आरडाओरडा झाला, वीस गुण परत आले आणि २०२० मध्ये निकाल ९५.३० टक्के लागला. एका वर्षात राज्यातल्या मुलांना भाषा येईनाशी झाली आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा येऊ लागली, असे थोडेच आहे? बदलली ती मोजपट्टी. मोजायची वस्तू होती तिथेच राहिली.

आता त्या गुलाबी कागदाकडे परत येते. आमच्या चाळीत एक आजोबा आहेत. ठाण्याच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले, १९७५ च्या आधीचे, म्हणजे अकरावीला मॅट्रिक असतानाचे मॅट्रिक. दुसऱ्या दिवशी मी तो कागद घेऊन त्यांच्याकडे गेले. मला वाटले, ते घडाघडा सांगतील. पण त्यांनी चष्मा लावला, कागद वाचला आणि म्हणाले, "यातले निम्मे शब्द मलाही येत नाहीत. त्या फळीवरची डिक्शनरी काढ."

मग त्यांनी मला पेन्सिल दिली. "आधी क्रियापद शोध. मग कोण, काय, कुणाला, केव्हा ते विचार. आणि प्रत्येक तुकडा मराठीत सांगितल्याशिवाय पुढे जायचं नाही." ते स्वतः लहानपणी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकले होते. इंग्रजी वाक्य मराठीत करायचे, मराठी वाक्य इंग्रजीत करायचे, धडे अशाच वाक्यांचे. आज ते पुस्तक कोणी उघडत नाही आणि 'भाषांतर करून इंग्रजी शिकणे' म्हणजे मागासलेपणा समजला जातो. पण त्या दिवशी चार ओळींना आम्हांला पाऊण तास लागला आणि पाऊण तासानंतर माझ्या वहीत चार ओळी मराठी होती: 'खाली सही करणाऱ्याला माल चांगल्या स्थितीत मिळाला आहे. माल पोचेपर्यंत होणाऱ्या तूटफुटीला तो स्वतः जबाबदार राहील. ती रक्कम त्याच्या भाड्यातून कापून घेण्यास त्याची संमती आहे. याबाबत नंतर तक्रार चालणार नाही.'

अण्णांनी ते ऐकले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे खोकी मी उघडून पाहिली नाहीत, तरी चांगली होती म्हणून मीच लिहून दिलं म्हणा की."

गेलेले पैसे परत आले नाहीत. पण तेव्हापासून अण्णा सही करताना तिच्यावर मराठीत एक ओळ लिहितात: 'खोकी मोजून घेतली, आतला माल पाहिला नाही.' पहिल्या दोन-तीन खेपांना कारकुनाने कुरकुर केली, "इथे मराठीत कशाला लिहिता?" अण्णा म्हणाले, "मला येतं त्यात लिहितो." आता कोणी काही म्हणत नाही. तशी कापाकापीही त्यानंतर झालेली नाही. सातवीतून शाळा सुटलेल्या माणसाला जे जमले, त्याला वाट मिळाली ती अर्थ कळल्यामुळे. उच्चार, यमक आणि अलंकार यांचा तिथे काही उपयोग नव्हता.

शीळफाटा म्हणजे काय, ते बाहेरच्यांना ट्रॅफिकच्या बातम्यांतून माहीत असते. मुंब्रा, कल्याण, महापे आणि पनवेल अशा चार दिशांचे रस्ते इथे जवळजवळ येतात आणि उरणच्या बंदरातून निघालेले कंटेनर रात्रंदिवस आमच्या दारावरून जातात. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा वांद्रे-कुर्ला संकुलातून निघणारा एकवीस किलोमीटरचा बोगदा शीळफाट्याशी संपतो. त्यातला घणसोली ते शीळफाटा हा टप्पा सप्टेंबर २०२५ मध्ये आरपार झाला. कल्याण-शीळ रस्त्याच्या दोन्ही अंगांना उंच इमारती उठल्या आहेत. या सगळ्याबरोबर कागद येतो. चलान, करारनामा, भरतीचा अर्ज, विम्याची पावती, औषधाच्या पाकिटातली घडी. आणि बहुतेक कागद इंग्रजीत येतो. सही मात्र आमच्या माणसांची लागते. म्हणून हा प्रश्न केवळ शाळेच्या गुणपत्रिकेचा नाही. आमच्या भागात तो रोजच्या भाकरीचा आहे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो मी हलका मानत नाही. आमच्या वर्गातला एक मित्र म्हणाला, "तू पेपर कठीण करायला निघाली आहेस. पेपर कठीण झाला की आधी गळणार कोण? क्लास लावणारे नाही गळणार. दिव्याची, डायघरची, खिडकाळीची आपलीच पोरं गळणार." त्याचे म्हणणे खरे आहे. २०२२ मध्ये पेपर कठीण असता तर मी फरश्यांच्या खोक्यांना पट्ट्या मारत कुठल्यातरी गोदामात उभी असते, आणि लेख लिहिणे तर दूरच राहिले. तेव्हा पेपर कठीण करा असे मी मुळीच म्हणत नाही. मी म्हणते, पेपर खरा करा.

खरा म्हणजे कसा? भाषांतराला पाचाऐवजी निदान पंधरा गुण द्या आणि ते रसग्रहणाच्या व पत्रांच्या साच्यांतून काढा. अपठित उताऱ्याच्या जागी कधी विजेचे बिल, कधी बँकेची सूचना, कधी औषध घेण्याची पद्धत येऊ द्या. त्यावरच्या काही प्रश्नांची उत्तरे मराठीत लिहायची मुभा द्या. मुलाला वाचलेले कळले का, एवढेच तपासायचे असेल तर ते त्याच्या भाषेत विचारण्यात कमीपणा कसला? मराठीत उत्तर लिहायचे म्हटले की ओळ उतरवून काढण्याची युक्ती आपोआप मरते. झिंबळाला मराठीत काय म्हणतात, ते सांगावेच लागेल! आणि एका प्रश्नापुरता शब्दकोश बरोबर नेऊ द्या. खऱ्या आयुष्यात शब्द अडला तर माणूस शब्दकोश काढतो. परीक्षेत अडला तर आपण त्याला अंदाजाने ठोकून द्यायला शिकवतो. अशा पेपरात माझ्यासारखी मुले जास्त नापास होणार नाहीत. उलट जे आमच्याजवळ आहे, म्हणजे मराठी, तिचे आम्हांला पहिल्यांदाच गुण मिळतील.

मंडळ माझे ऐकेल अशी माझी भाबडी समजूत नाही. म्हणून शेवटचे चार शब्द आपल्याच महाविद्यालयाविषयी. आपल्यापैकी बहुतेक जण घरातले पहिलेच पदवीकडे निघालेले. इंग्रजीच्या तासाला मागची बाके आधी भरतात, ती का भरतात हे आपण एकमेकांना सांगत नाही. परीक्षा जवळ आली की पुन्हा तेच गाइड, तोच साचा. दहावीतली युक्ती आपण पदवीपर्यंत नेली आहे आणि उद्या ती कार्यालयापर्यंत नेऊ. मग एक दिवस आपल्याही पुढे कोणीतरी गुलाबी कागद ठेवील.

माझी प्राध्यापकवर्गाला एक नम्र सूचना आहे. आठवड्यातून एकदा, ग्रंथालयात, अर्धा तास. प्रत्येकाने घरातला एक इंग्रजी कागद आणायचा. मध्ये शब्दकोश ठेवायचा. कोणी तरी एक वाक्य वाचील, दुसरा त्याचे मराठी सांगेल, तिसरा चूक काढील. हसायचे नाही, एवढा एकच नियम. याला पैसे लागत नाहीत, परवानगी लागलीच तर ती ग्रंथपालांची.

मी स्वतः चाळीत सुरुवात केली आहे. यंदा दहावीला बसणारी चार मुले संध्याकाळी आमच्या खोलीत येतात. त्यांना गाइड सोडायला मी सांगत नाही. त्यांना पास व्हायचे आहे आणि तो त्यांचा हक्क आहे. पण पहिला अर्धा तास गाइड मिटलेले असते. पुस्तकातला एक परिच्छेद, पेन्सिल आणि आजोबांची ती जुनी डिक्शनरी. क्रियापद शोधायचे, कोण-काय-केव्हा विचारायचे, मराठीत सांगायचे. त्यातल्या एका मुलीने परवा विचारले, "ताई, पण हे पाच गुणांचंच आहे ना?"

मी म्हटले, "हो. पाचच गुणांचं आहे. पण हेच तुझ्याजवळ राहील."

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला